जोडीची रीत

मतदानाची घंटा वाजू लागली तेव्हा खासदारबाई चहात बिस्कीट बुडवत होत्या. घंटेने हात थबकला आणि व्हायचं तेच झालं, बिस्कीट तुटून कपाच्या तळाशी गेलं. उपाहारगृहातले बाकीचे सभासद खुर्च्या सरकवत उठले. कुणी तोंड पुसलं, कुणी उरलेला चहा घशात ओतला, कुणी उभ्याउभ्याच आपला विनोद संपवला. दाराशी दाटी झाली आणि पाहता पाहता ओसरली. बाई मात्र चमच्याने बिस्कीट काढत तिथेच बसून राहिल्या.

पक्षाचे प्रतोद आत आले ते जवळजवळ धावतच. मतदानाच्या वेळी पक्षाचा एकूण एक सभासद सभागृहात हजर करणं हे त्यांचं काम. वर्षानुवर्षं माणसं हाकून हाकून त्यांच्या बोलण्यालाही तोच सूर लागला होता.

“चला बाई, उठा. चहा कुठे पळून जात नाही.”

“माझी जोडी आहे,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला विचारूनच लावली.”

“तेव्हाचं तेव्हा. सीमेकडच्या मतदारसंघांतले आपले दोघे फिरले. आत्ता, भर सभागृहात उभे राहून म्हणाले, आमच्या मतदारांना हे बिल नको. मी थोबाडीत बसल्यासारखा बघत राहिलो.”

“म्हणजे?”

“म्हणजे काठावर आलोय. तुम्ही आलात तर तरलो, नाहीतर गेलं सगळं पाण्यात.”

बाईंनी चमचा बशीत ठेवला. पण त्या उठल्या नाहीत.

जोडी ही त्या सभागृहाची जुनी रीत. एका बाजूचा सभासद आजारी पडला, कुणाच्या घरी मयत झालं, की दुसऱ्या बाजूचा एक सभासद आपण होऊन बाहेर बसतो. एक मत इकडचं कमी, एक तिकडचं कमी, पारडी होती तिथेच राहतात. हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही. दोघांनी एकमेकांना शब्द द्यायचा, प्रतोदांच्या कानावर घालायचं, की झालं. ज्याच्यावर भरवसा त्यालाच जोडी मागायची, असा शिरस्ता. त्यामुळे कुणाला कोण जोडी मागतं यावरून सभागृहात माणसाची पत कळायची. बाईंना पाच वर्षांत कुणी जोडी मागितली नव्हती.

कारण उघड होतं, पण कुणी ते बोलून दाखवत नसे. बाई सीमेपलीकडून आलेल्या. तरुणपणी अंगावरच्या कपड्यांनिशी आल्या आणि एका हॉटेलच्या तळघरात चादरींना इस्त्री करू लागल्या. इथली भाषा जरा जिभेवर रुळली तशा आपल्या लोकांबरोबर कचेऱ्यांच्या खिडक्यांशी दुभाषी म्हणून उभ्या राहू लागल्या. मग इस्त्रीवाल्या बायकांची संघटना, मग नगरपालिका, मग देशाचं हे सभागृह. वर्तमानपत्रांना ही कहाणी फार आवडायची. अधूनमधून कुणीतरी येऊन तीच नव्याने लिहून न्यायचं, आणि जाताना म्हणायचं, इस्त्री हातात धरून एक फोटो द्या ना. सभागृहात त्यांचं नाव पडलं होतं पाहुणीबाई. प्रेमानेच म्हणत. पाहुणीबाई, चहा घ्या. पाहुणीबाई, आज छान बोललात. पाहुण्यावर कुणी रागवत नाही हे खरं, पण घराची किल्लीही कुणी पाहुण्याच्या हातात देत नाही.

म्हणून त्या आठवड्यात डॉक्टरकाकांचा फोन आला तेव्हा बाईंना आपल्या कानांवर विश्वास बसेना. काका विरोधी बाकांवरचे, सगळ्यात जुने सभासद, मूळचे गुरांचे डॉक्टर. बाई नवीन होत्या तेव्हा कुठल्या दाराने आत यायचं, सभापतींसमोरून जाताना मान किती लववायची, कुणाच्या विनोदाला हसायचं आणि कुणाच्या नाही, हे सगळं काकांनीच शिकवलं होतं. पक्ष वेगळा असला तरी माणूस मायेचा. तर हे काका जिन्यावरून पडले आणि खुब्याचं हाड मोडून बसले.

“शुक्रवारी माझी चिरफाड आहे,” ते फोनवर म्हणाले होते. “आम्ही म्हशींना कधी विचारलं नाही, हे लोक मात्र आधी सह्या घेतात. तर तू बसशील का गं बाहेर माझ्यासाठी?”

“मी?”

“दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही.”

या वाक्याने बाई हरखल्या. खोटं कशाला बोला, नव्या फ्रॉकच्या पोरीसारख्या हरखल्या. प्रतोदांना विचारलं तर ते म्हणाले, बसा की, बिल आपल्या खिशात आहे, एका मताने काय होतंय. घरी येऊन बाईंनी धाकट्या बहिणीला सांगितलं तेव्हा धाकटी भांडी पुसत होती. तिच्या हातातली ताटली तशीच राहिली.

“म्हणजे आपल्याच बिलाला तू मत देणार नाहीस, ताई?”

“बिल पास होतंच आहे गं. हा मान आहे. पाच वर्षांत पहिल्यांदा कुणी मला जोडी मागितली.”

“मला नाही बाई कळत तुमच्यातलं,” धाकटी म्हणाली.

तुमच्यातलं. तो शब्द त्या दिवशी बाईंना चक्क आवडला होता.

विधेयक होतं एवढंच, की इथे स्थिरावलेल्या माणसाला आपला नवरा, बायको, पोरंबाळं सीमेपलीकडच्या छावणीतून आणता यावीत. ते सभागृहासमोर यावं म्हणून बाईंनी मंत्र्यांचे उंबरे झिजवले होते. सगळ्या छावणीसाठी झिजवले हे खरंच, पण घरातही एक कारण होतं. बाई नगरपालिकेत असताना धाकटी, तिचा नवरा आणि त्यांची चार वर्षांची पोर यांचा छावणीतून इकडे येणाऱ्या बसमध्ये नंबर लागला. निघायच्या सकाळी पोरीला ताप भरला. तापाच्या माणसाला बसमध्ये घेत नसत. नंबर सोडला तर तिघांचाही जाणार. नवरा म्हणाला, तू पुढे हो, ताप उतरला की आम्ही मागच्या बसने येतोच. धाकटी पुढे झाली. मागची बस सुटायच्या आत इकडचा कायदा बदलला. ती पोर आता तेरा वर्षांची आहे. फोनच्या काचेवर आईला रोज दिसते आणि रोज थोडी थोडी अनोळखी होत जाते.

“कुठे लिहिलंय हो जोडी पाळायची म्हणून?” प्रतोदांनी समोरची खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. “गेल्या अधिवेशनात त्यांच्या त्या दाढीवाल्याने मोडलीच की. काय झालं? दोन दिवस व्यंगचित्रं आली. आज समितीचा अध्यक्ष आहे.”

“तो इथला आहे,” बाई म्हणाल्या.

प्रतोदांनी ऐकलं असेल तरी तसं दाखवलं नाही. “तुमची बहीण वर प्रेक्षकांच्या सज्जात बसलीय. नवा कोट घालून आलीय बिचारी. मी माझं काम केलं. दार लागायच्या आत या.”

ते गेले. घंटा वाजतच होती. उपाहारगृहाच्या पोऱ्यांनी टेबलं पुसायला घेतली होती, आणि पुसता पुसता ते बाईंकडे बघत होते.

बाईंची एक सवय शहरात ठाऊक होती. रस्ता पार रिकामा असला, चिटपाखरू नसलं, तरी हिरवा दिवा लागेपर्यंत त्या कडेला उभ्या राहत. इथली माणसं बाजूने बिनधास्त निघून जात, वर त्यांच्याकडे बघून हसत. त्यांनाही कळे की आपण वेड्यासारख्या दिसतो. पण त्यांच्या लोकांच्या वस्तीतल्या कुणा एकाने सायकल चोरली तेव्हा दुसऱ्या दिवशी लोक जाब विचारायला बाईंच्या कार्यालयात आले होते, पोलिसात नाही. दाढीवाल्याने शब्द मोडला तर दाढीवाल्याने मोडला. बाईंनी मोडला तर ‘यांनी’ मोडला. शेवटी त्यांच्यातलीच ना, असं कोण कुठल्या आवाजात म्हणेल हे बाईंना तोंडपाठ होतं. त्यांच्या मागून या सभागृहात येऊ पाहणाऱ्या कुणाही पोरीला ते वाक्य जन्मभर पुरलं असतं.

हे सगळं खरं होतं. आणि हेही खरं होतं की बाईंना तो मान सोडवत नव्हता. एका माणसाने म्हटलं होतं, दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही. त्या वाक्यासाठी त्या बावीस वर्षं रांगेत उभ्या होत्या.

तरी त्या उठल्या. लांब बोळातून चालत सभागृहाच्या दारापर्यंत गेल्या. पाय आपोआप भरभर पडत होते. एक झडप लागलेली होती, दुसरी शिपायाने हाताने धरून ठेवली होती. तिच्या फटीतून आतले दिवे दिसत होते, बाकांच्या रांगा दिसत होत्या, आणि वर सज्जाच्या कठड्याला टेकून बसलेली धाकटी. तिने बाईंना पाहिलं आणि ती अर्धवट उठलीच. चेहरा एकदम मोकळा झाला. इस्पितळाच्या धुलाईघरात वाफेत उभं राहून राहून त्या चेहऱ्याचं जे काय झालं होतं, ते सगळं क्षणभर पुसलं गेलं. तिने हात वर केला. सज्जात हात करायला मनाई आहे म्हणून लगेच खाली घेतला.

घंटा थांबली.

“बाई, आत की बाहेर?” शिपाई म्हणाला. “मला दार लावायचंय.”

बाईंचा एक हात झडपेवर होता. त्यांनी तो काढून घेतला.

“बाहेर,” त्या म्हणाल्या.

दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. बाई बोळातल्या बाकावर बसल्या. बोळात भिंतीवर एक कर्णा होता, त्यातून आतलं कामकाज बाहेरच्यांना ऐकू यायचं. खोकणं, कागदांची सळसळ, मग बराच वेळ नुसतीच खरखर. मग सभापतींचा आवाज आला. दोन्ही बाजूंना समान मतं. अशा वेळी सभापतींनी आपलं मत चालू कायद्याच्या बाजूने द्यायचं ही तिथली आणखी एक रीत, आणि सभापती रीत पाळणारे होते. विधेयक पडलं.

बाई भिंतीकडे बघत बसल्या. आपण आत असतो तर एका मताने तरलं असतं, एवढा हिशेब करायला काही बोटं लागत नव्हती. काका धडधाकट असते आणि आपण दोघंही आत असतो, तरीही ते असंच पडलं असतं, हाही हिशेब त्यांनी केला. जोडी असते ती यासाठीच. पण त्या हिशेबाने छातीवरचं ओझं तसूभरही हललं नाही.

मग दारं उघडली आणि त्यांना आत बोलावणं आलं. विरोधी पक्षाचे नेते उभे होते.

“आज या सभागृहात एका सभासदाने जे केलं,” ते म्हणत होते, “ते आपल्यापैकी किती जणांनी केलं असतं, ज्याने त्याने छातीवर हात ठेवून सांगावं. स्वतःच्या विधेयकावर पाणी सोडलं, पण दिल्या शब्दाला त्या जागल्या. सभापती महाशय, माझी विनंती आहे, आजपासून त्यांना कुणी पाहुणीबाई म्हणू नये. त्या या घरच्या आहेत.”

सभागृह उभं राहिलं. दोन्ही बाजूंनी टाळ्या पडल्या. मंत्री उभे राहिले, दाढीवाला उभा राहिला, सीमेकडचे ते दोघेही उभे राहिले आणि त्यांच्या टाळ्या तर सगळ्यांत जोरात होत्या. प्रतोदांनी दोनचारदा हाताला हात लावला. बाई मधल्या वाटेत उभ्या होत्या. इतकी वर्षं त्यांनी हा आवाज मनातल्या मनात कितीदा तरी ऐकला होता, आणि आता तो संपायलाच तयार नव्हता. त्यांनी वर पाहिलं. सज्जातली ती खुर्ची रिकामी होती.

संध्याकाळी त्या घरी आल्या तेव्हा धाकटी जमिनीवर बसून पलंगाखालून बॅग ओढत होती. बॅगेचं एक चाक अडकलं होतं. बाईंनी वाकून पलंग जरा उचलून धरला. बॅग निघाली.

“दार लागलं तशी मी उठलेच तिथून,” धाकटी म्हणाली. “जिन्यातच बसून राहिले होते, तर टाळ्या ऐकू आल्या. केवढ्या टाळ्या! मला वाटलं, झालं बिल पास. धावत परत वर गेले. तिथल्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, बिल पडलं, टाळ्या त्या बाईंसाठी आहेत.”

बाई पलंगाच्या कडेला बसल्या.

“नियमाप्रमाणे पुढच्या निवडणुकीनंतर पुन्हा आणता येतं,” त्या म्हणाल्या. “मी आणीन. मी सोडणार नाही.”

“आण की. मी काही तुला अडवत नाही.” धाकटीने कपाटातून स्वेटर काढले, एकेक उलगडून पाहिले आणि पोरीच्या अंगाला होतील असे बाजूला ठेवले. “ती येऊ शकत नाही तर मीच जाते तिकडे. एवढं सोपं होतं. उगीच नऊ वर्षं कायद्याच्या तोंडाकडे बघत बसले.”

“एकदा गेलीस तर परत येता यायचं नाही तुला. इथला हक्क जाईल.”

“माहीत आहे. तो कायदा मला तुझ्यापेक्षा जास्त पाठ आहे.”

“तिथे काय आहे? तंबू, चिखल, पाण्याची रांग...”

“माझा नवरा आहे. पोर आहे.” धाकटीचा आवाज चढला नाही. चढला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. “तू थांब, ताई. तुला थांबायला जमतं. तू रिकाम्या रस्त्यावरही थांबतेस. मला नाही जमायचं आता.”

ती घड्या घालत राहिली. धुलाईघरातला हात तिचा, घडी कशी काठाला काठ. मग मान वर न करता तिने विचारलं,

“एकच सांग. दारातून मी तुला दिसले होते का?”

बाईंना खोटं बोलता आलं असतं. अंधार होता, गर्दी होती, दिवे डोळ्यांवर होते, काहीही.

“दिसलीस,” त्या म्हणाल्या.

“हं.” धाकटीने बॅगेची चेन ओढली. “मला आपलं वाटत होतं, दिसले नसेन.”

मग दोघी एकाच टेबलावर जेवल्या आणि धाकटीने भांडी पुसून ठेवली.

चार दिवसांनी सकाळी बाईंनी धाकटीला सीमेच्या बसवर बसवून दिलं. त्या बाजूला जाणाऱ्या बसमध्ये जागा मिळायला कधीच अडचण पडत नाही. ड्रायव्हर, मागे दोन म्हातारे आणि धाकटी, एवढीच माणसं. बाईंनी खिडकीतून हात आत घातला. धाकटीने तो धरला, दाबला आणि सोडून दिला. स्टँडवरच्या एका अनोळखी बाईने तेवढ्यात बाईंना ओळखलं. “पेपरात वाचलं हो तुमच्याबद्दल,” ती म्हणाली. “अशी माणसं हवीत.” बाईंनी तिला नमस्कार केला. वळून पाहिलं तर बस निघून गेली होती.

घरी जाववेना. त्या तशाच काकांना बघायला इस्पितळात गेल्या.

काका उशांना टेकून बसले होते, पाय वजनाला बांधलेला. काकू खिडकीजवळ संत्री सोलत होत्या. टेबलावर वर्तमानपत्रांची चळत होती आणि वरच्याच पानावर मधल्या वाटेत उभ्या असलेल्या बाई होत्या.

“या, पाहुणीबाई! अरे, चुकलो. तसं म्हणायचं नाही म्हणे आता.” काका हसले आणि हसताना खुबा दुखला म्हणून कळवळले. “बस. अगं, मला शुद्ध आली आणि ही सांगते, बाई बाहेरच बसल्या, बिल पडलं. मला वाटलं, भुलीत काहीतरीच ऐकतोय. का गेली नाहीस?”

“शब्द दिला होता, काका.”

“शब्द काय, सगळेच देतात. पण घरचं माणूस तिकडे अडकलेलं असताना?” काकांनी मान हलवली. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, ते डोळ्यांत दिसत होतं. “तुझ्या जागी मी असतो तर गेलो असतो आत. दुसऱ्या दिवशी तुला फोन करून माफी मागितली असती, तूही दोन शिव्या देऊन विसरली असतीस. आम्ही सगळे हेच करत आलो. तू गेली असतीस तर मी काय रागावलो असतो तुझ्यावर?”

हातातली पर्स त्यांनी मांडीवरून खाली ठेवली आणि पुन्हा मांडीवर घेतली.

“अहो, पण तुमच्या पक्षाच्या त्या माणसाला तुम्हीच नाही का सांगत होतात?” काकू साल ओढता ओढता म्हणाल्या. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, त्या फक्त आठवून सांगत होत्या. “दोनदा येऊन गेला हो तो, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. त्यांच्यातले सीमेकडचे दोघे फुटणार आहेत, एकेक मत मोलाचं आहे, तुमची जोडी पक्की ना, म्हणून विचारत होता. हे म्हणाले, पाहुणीबाई आहे माझ्या जोडीला. ती मेली तरी आत जायची नाही. इथलं कुणी असतं तर मला झोप लागली नसती म्हणाले.”

काकांनी चादरीची कड सरळ केली.

“राजकारण असतं गं,” ते म्हणाले. “पक्षाने विचारलं, मी सांगितलं. खोटं काही बोललो नाही. भरवसा होता म्हणूनच तुला मागितलं ना? आणि बिल चांगलं होतं तुझं. मी असतो तर विरोधातच मत दिलं असतं, पण चांगलं होतं.”

“धाकटी आज सकाळी गेली,” बाई म्हणाल्या. “छावणीत.”

“अरे! भेटायला?”

“राहायला.”

काकूंचे हात थांबले. काकांनी डोळे मिटले, मग उघडले. बाहेर कुणाचं तरी ढकलगाडं खडखडत गेलं. ते गेल्यावर काकांचा आवाज पुन्हा नेहमीच्या ठिकाणी आला.

“मला अजून महिनाभर तरी उठता यायचं नाही म्हणतात. पुढच्या मंगळवारपासून अर्थसंकल्पाची मतदानं सुरू होतायत. आमच्यातले काही तुमच्या बाजूने झुकलेत, आम्ही झुकवतोय तुमच्यातले. पुन्हा सगळं काठावर आहे.” त्यांनी बाईंच्या हातावर हात ठेवला. “या वेळीही बसशील ना बाहेर? तुझ्याशिवाय मी मागू कुणाला?”

बाईंनी त्या हाताकडे पाहिलं. म्हातारा, मायेचा हात होता. बोटांवर गुरांच्या दातांचे जुने वण होते.

“बसेन की,” त्या म्हणाल्या. “शब्द दिला.”

म्हणाल्या त्या हसूनच. काका निश्चिंत होऊन उशीला रेलले. शब्द देताना बाईंच्या छातीत काही म्हणजे काही हललं नाही. इतक्या सहज, इतक्या इथल्या माणसासारखा त्यांनी आजवर कुणाला शब्द दिला नव्हता. मंगळवारी घंटा थांबून दार लागेल तेव्हा आपण त्याच्या आतल्या बाजूला असू, हे त्या खुर्चीत बसल्याबसल्याच त्यांना ठाऊक होतं.

काकूंनी संत्र्याची फोड पुढे केली. बाईंनी ती तोंडात टाकली. आंबटढाण होती.

“गोड आहे हो,” त्या म्हणाल्या, आणि आणखी एक घ्यायला हात पुढे केला.